वेरूळच्या गिलाव्यातली भांग

भित्तिचित्रांत सगळ्यांची नजर रंगांवर जाते, पण चित्र टिकतं ते त्यामागच्या गिलाव्यावर. वेरूळच्या १२ क्रमांकाच्या लेण्यातला मातीचा गिलावा पुरातत्त्व-रसायनशास्त्रज्ञ मॅनेजर राजदेव सिंग आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आणि अवरक्त किरणांच्या वर्णपटाने तपासला. ताज्या भांगेच्या नमुन्यांशी ताडून पाहिल्यावर मातीत कालवलेले तंतू भांगेचेच असल्याचं सिद्ध झालं. हे संशोधन २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात आलं. भांगेचा चिवट तंतू माती धरून ठेवतो, ओलावा शोषतो, शिवाय किडींना दूर ठेवतो. अजिंठ्याच्या गिलाव्यात मात्र भांग आढळली नाही. तिथल्या मातीतल्या वनस्पतींचे अंश किडींनी खाल्ले आणि चित्रांचं मोठं नुकसान झालं. हा फरक नुसत्या डोळ्यांना कधीच दिसला नसता, म्हणून मला हे काम फार मोलाचं वाटतं. रंग ओळखायलाही नुसते डोळे पुरत नाहीत. अजिंठ्यातला निळा रंग लाजवर्द दगडाचा; तो थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आला. लोह, तांबं यांसारखी जड मूलद्रव्यं क्ष-किरणांनी चटकन ओळखता येतात. लाजवर्दात असतात सोडियम, ॲल्युमिनियम, गंधक अशी हलकी मूलद्रव्यं, त्यामुळे तिथे लेसरवर चालणारी रामन पद्धत अधिक भरवशाची ठरते. तिच्यासाठी रंगाचा कपचाही काढावा लागत नाही.