तलावकाठचे पक्षी व कीटक : शरदारंभीचे निरीक्षण

पावसाळा ओसरू लागल्यापासून शरद ऋतू स्थिरावेपर्यंत, म्हणजे स्थूलमानाने सप्टेंबरच्या आरंभापासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत, तलावाच्या काठी आढळणाऱ्या पक्ष्यांचे व कीटकांचे नियमित अवलोकन करून त्यांच्या नोंदी ठेवणे, हा निसर्गाभ्यासाचा एक सोपा व उपयुक्त प्रकार आहे. महाराष्ट्रात पक्षिनिरीक्षण बहुधा डिसेंबर-जानेवारीत, मोठ्या जलाशयांवर व मोठ्या थव्यांच्या ओढीने केले जाते. शरदारंभीचे दृश्य तितके भव्य नसते. तथापि वर्षाऋतूत वाढलेले कीटक, विणीतून नुकतेच मोकळे झालेले स्थानिक पक्षी आणि उत्तरेकडून येणारे पहिले स्थलांतरित पक्षी हे तिन्ही घटक एकाच काठावर एकत्र दिसण्याचा वर्षातील हाच काळ होय.

ऋतू व जलाशय : या दिवसांत दख्खनच्या पठारावरील मोठी धरणे काठोकाठ भरलेली असतात. भीमेवरील उजनी (१९८०) किंवा गोदावरीवरील जायकवाडी यांसारख्या जलाशयांत पाणी थेट काळ्या जमिनीला किंवा खडकाला भिडलेले असते आणि चिखलाचे विस्तीर्ण पट्टे पुढे हिवाळ्यात व उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडे पडतात. भिगवणच्या परिसरात रोहित पक्ष्यांचे मोठे थवे उशिरा दिसतात, त्याचे हे एक कारण आहे. शरदारंभी मात्र उथळ पाणी व ओला चिखल मिळतो तो गावतळी, पाझर तलाव, विदर्भातील मालगुजारी तलाव आणि भातखाचरे यांच्या कडेला. त्यामुळे या ऋतूत आकाराने क्षुल्लक वाटणारे तळे मोठ्या धरणाहून अधिक समृद्ध ठरू शकते.

कीटक : तलावावर सर्वप्रथम लक्ष वेधून घेतात ते चतुर व टाचण्या. बसताना पंख आडवे पसरणारे, दणकट बांध्याचे ते चतुर; सडपातळ शरीराच्या व बहुधा पंख पाठीवर मिटून बसणाऱ्या त्या टाचण्या. दोघांचीही बाल्यावस्था पाण्यात जाते व त्या अवस्थेत ते डासांच्या अळ्यांसह अनेक लहान जलचर खातात. पूर्ण वाढ झालेले पिल्लू गवताच्या किंवा लव्हाळ्याच्या काडीवर चढते, त्याची पाठ उकलते आणि पंखधारी कीटक बाहेर पडतो. मागे राहिलेली रिकामी कात अभ्यासकाच्या दृष्टीने मोलाची असते. उडणारा चतुर दुसरीकडून आलेला असू शकतो. कात मात्र तो कीटक याच पाण्यात वाढला असल्याचा पुरावा होय.

पिवळसर सोनेरी रंगाचा पँटाला फ्लॅव्हेसेन्स हा चतुर या दिवसांत माळावर व तलावावर शेकड्यांनी घिरट्या घालताना दिसतो. पावसाने साचलेल्या तात्पुरत्या डबक्यांतही त्याची वाढ साधारण दीड ते दोन महिन्यांत पुरी होते. म्हणूनच जून-जुलैच्या पावसानंतर भाद्रपदात त्याची संख्या एकाएकी वाढलेली जाणवते. मालदीव बेटांवर गोड्या पाण्याचे साठे नगण्य असूनही दर ऑक्टोबरच्या सुमारास तेथे हे चतुर मोठ्या संख्येने उतरतात. चार्ल्स अँडरसन या जीववैज्ञानिकांनी २००९ मध्ये या निरीक्षणावरून असे अनुमान मांडले, की हे कीटक भारतातून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेत जातात व त्यांच्या पुढच्या पिढ्या परततात. मालदीवमध्ये पकडलेल्या चतुरांच्या पंखांतील हायड्रोजनाच्या समस्थानिकांचे जे विश्लेषण २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यावरूनही त्यांचा उगम उत्तर भारत किंवा त्याही पलीकडचा असावा असे दिसून आले. गावतळ्यावर घिरट्या घालणारा कीटक असा महासागरापारच्या प्रवासाशी जोडलेला असतो.

पाण्याच्या पृष्ठभागावर लांब पायांनी सरकत जाणारे व पृष्ठभागाखाली पोहणारे पाणढेकूणही येथे आढळतात. त्यांच्या काही जातींत मादी नराच्या पाठीवर अंडी चिकटवते व पिल्ले बाहेर येईपर्यंत नर ती वाहून नेतो. काठच्या ओल्या मातीवर पिवळी व पांढरी फुलपाखरे दाटीने बसून क्षार शोषतात. गाळात कायरोनोमिडी कुलातील न चावणाऱ्या माश्यांच्या अळ्या असतात. त्यांच्यापैकी अनेकींचा रंग हीमोग्लोबिनामुळे लाल असतो व या रंजकद्रव्यामुळे त्यांना ऑक्सिजन कमी असलेल्या गाळातही जगता येते. या अळ्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. पण काठावरच्या अनेक पक्ष्यांचे अस्तित्व त्यांच्यावर अवलंबून असते.

पक्षी : टिबुकली, हळदीकुंकू बदक, अडई, जांभळी पाणकोंबडी व कमळपक्षी हे स्थानिक पक्षी या सुमारास पिल्लांसह दिसू शकतात. लांब शेपटीच्या कमळपक्ष्यात अंडी उबवणे व पिल्ले सांभाळणे ही कामे नर करतो. विणीचा काळ सरल्यावर त्याची लांब शेपटी गळून पडते आणि हिवाळ्यात तोच पक्षी ओळखू येत नाही. काठच्या बाभळींवरील सुगरणीची घरटी रिकामी होऊ लागतात. नराच्या डोक्यावरील पिवळा रंग क्रमाने लोपतो. पावसाळ्यात येथे वीण करणारा चातक याच काळात निघून जातो.

येणाऱ्यांमध्ये तुतवार पक्ष्यांचा क्रमांक फार वरचा लागतो. हिरवी तुतवार उत्तर यूरोप-आशियातील जंगलात, बहुधा इतर पक्ष्यांच्या जुन्या घरट्यांत, अंडी घालते व ऑगस्टमध्येच आपल्या तळ्यांवर हजर होते. पाठोपाठ ठिपकेवाली तुतवार, निरनिराळ्या जातींचे धोबी, भिंगऱ्या व कल्लेदार सुरय येतात. बदकांमध्ये भिवई बदक सर्वांआधी पोहोचते. थापट्या व तलवार बदक बहुधा ऑक्टोबरपासून दिसू लागतात. या वेळी नर बदकांच्या अंगावर विणीचा रंगीत पिसारा नसून मादीसारखा करडा-तपकिरी पिसारा असतो. भिवई बदकाच्या नराची पांढरी भुवई तर हिवाळ्याच्या उत्तरार्धापर्यंत स्पष्ट होत नाही. नवख्या निरीक्षकास यामुळे सर्वत्र माद्याच दिसतात. अशा वेळी रंगावर विसंबण्याऐवजी चोचीचा आकार, डोक्याची ठेवण आणि उडताना पंखावर दिसणारा चमकदार पट्टा यांवरून जात ठरवावी.

काठाचा उतार : पक्षी व कीटक यांना जोडणारा दुवा म्हणजे तलावाचा उतरता काठ. तुतवार व चिखले यांचे पाय आखूड असल्याने त्यांना काही सेंटिमीटर खोलीपर्यंतच चरता येते. शेकाट्या लांब पायांमुळे अधिक आत जाऊ शकतो. काठाचा उतार १ : ५० असेल, तर ५ सेंमी.पर्यंत खोलीचे पाणी २·५ मी. रुंदीच्या पट्ट्यात पसरते आणि पातळी १ सेंमी.ने उतरली, की अर्धा मीटर नवा चिखल, त्यातील अळ्यांसह, उघडा पडतो. परतीचा पाऊस थांबल्यावर हा पट्टा हळूहळू आत सरकत राहतो व चरणारे पक्षी त्याच्याबरोबर सरकतात. याच पट्ट्यातील गवत व लव्हाळे यांवर चढून चतुर कात टाकतात आणि त्यांच्या मागावर वेडे राघू व कोतवाल काठच्या तारांवर बसलेले असतात.

याच ठिकाणी उभी दगडी किंवा काँक्रीटची भिंत बांधली, तर या पट्ट्याची रुंदी शून्य होते. पाणी तेवढेच राहते, खोल पाण्यात बुडी मारणारे पाणकावळे व टिबुकल्याही राहतात. त्यामुळे तलाव सुरक्षित असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात तुतवार, चिखले, धोबी व अनेक जातींचे चतुर तेथून नाहीसे होतात. सुशोभीकरणाच्या योजनांत हा परिणाम क्वचितच विचारात घेतला जातो. जलपर्णीची बेसुमार वाढ, सांडपाणी व याच ऋतूत होणारे मूर्तिविसर्जन यांचाही भार उथळ पाण्यावरच प्रथम पडतो.

निरीक्षणपद्धती : ८×४० प्रकारची द्विनेत्री दुर्बीण (आठपट वर्धन, ४० मिमी. व्यासाचे भिंग), नोंदवही व पेन्सिल एवढी साधने पुरेशी आहेत. सूर्योदयापासूनचे दोन-तीन तास पक्ष्यांसाठी द्यावेत. ऊन तापू लागल्यावर, नऊ ते अकराच्या सुमारास, चतुर व फुलपाखरे पाहावीत. सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडावी. प्रत्येक वेळी तोच मार्ग, तेवढाच वेळ व शक्यतो आठवड्यातील तोच दिवस पाळावा. नोंदीत दिनांक, वेळ, हवामान, पाण्याची पातळी दर्शविणारी एखादी ठरावीक खूण, जात, संख्या व वर्तन यांचा समावेश असावा. जी जात अपेक्षित असूनही दिसली नाही, तिच्यापुढे शून्य लिहिणे आवश्यक आहे. कारण पुढील वर्षांत पक्षी कमी झाले की निरीक्षण कमी झाले, हे त्यावरूनच ठरते. घरटी व पिल्ले यांच्याजवळ जाऊ नये आणि कीटक शक्यतो न पकडता पाहावेत.

महत्त्व : मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने (स्थापना १८८३) सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून स्थलांतराचा जो अभ्यास केला, त्यातून पक्ष्यांच्या मार्गांची माहिती मिळाली. भारतात १९८७ पासून होत असलेली आशियाई पाणपक्षी गणना जानेवारीत घेतली जाते. शरदात केवळ थांबून पुढे जाणारे पक्षी तिच्या कक्षेत येत नाहीत. नागरिकांनी ‘ई-बर्ड’ या संगणकीय नोंदणीव्यवस्थेत दिलेल्या माहितीच्या आधारे २०२३ मध्ये भारतातील ९४२ जातींच्या स्थितीचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात कीटकभक्षी पक्ष्यांची घट फळे व मध यांवर जगणाऱ्या पक्ष्यांहून अधिक असल्याचे दिसून आले. नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले स्थळ २०२० मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून घोषित झाले. लोणार सरोवराचा समावेशही त्याच वर्षी झाला. असा दर्जा थोड्याच जागांना मिळतो. गावोगावच्या असंख्य तळ्यांच्या बाबतीत मात्र तेथे पूर्वी काय होते, याचा एकमेव आधार स्थानिक निरीक्षकाची वही हाच असतो; आणि काठ बांधून काढण्याचा प्रस्ताव येतो, तेव्हा ती वही आधीपासून लिहिलेली असावी लागते.