मेलात? परत चढा!

एकाच उडीवर पन्नासदा मेलात, तरी कंट्रोलर हातातून सुटत नाही, असं होतं ना? २०१८चा ‘सेलेस्ट’ खेळून बघा. मॅडलिन डोंगर चढतेय, पण तिची खरी झुंज स्वतःच्याच धास्तीशी आहे. रोपवे अधांतरी अडकतो, तिचा श्वास कोंडतो. मग तुम्ही बटण दाबत-सोडत एक पीस तरंगतं ठेवायचं आणि तिचा श्वास ताळ्यावर आणायचा. गेम अवघड आहे, पण दुष्ट नाही. मेलात की क्षणात त्याच स्क्रीनच्या सुरुवातीला उभे! फारच जड जातंय? ‘असिस्ट मोड’मध्ये वेग कमी करा. उलट मरणांच्या आकड्याचा अभिमान बाळगा, जितके मराल तितके शिकाल, असं गेमच सांगतो. केटी लागल्यावर स्वतःशी इतकं नीट वागता का तुम्ही?