आग अंगणात, ऊब घरात

अमेरिकेच्या उत्तर मिनेसोटात हिवाळ्यात पारा उणे तीस अंश सेल्सिअसपर्यंत उतरला, तरी कुणाला नवल वाटत नाही. याच राज्यातल्या टॉवर गावाजवळ २ फेब्रुवारी १९९६ रोजी उणे ५१ अंशांची नोंद झाली होती. गावाबाहेरच्या बऱ्याच घरांपर्यंत इंधनवायूची वाहिनी पोचलेली नसते. प्रोपेनच्या टाकीवर हिवाळा काढायचा तर खर्च मोठा, आणि घरामागे तर स्वतःच्या मालकीचे जंगल उभे. या गरजेतून तिथल्या अंगणांत धुराडे असलेल्या, लांबून पत्र्याच्या खोलीसारख्या दिसणाऱ्या लाकडाच्या भट्ट्या आल्या. कॅनडाच्या सीमेजवळच्या ग्रीनबुश या छोट्या गावातली सेंट्रल बॉयलर ही कंपनी १९८४ पासून या धंद्यात आहे.

ज्यांनी घरी तांब्याचा बंब पेटवला आहे, त्यांना या भट्टीची रचना चटकन कळेल: मध्ये विस्तव, भोवती पाणी. फक्त इथला बंब पोलादी असतो, शेकडो लिटर पाणी मावेल एवढा मोठा असतो आणि त्यातले पाणी कुणी काढून घेत नाही, ते फिरत राहते. ८० ते ८५ अंशांपर्यंत तापलेले पाणी पंपाच्या जोरावर जमिनीखालच्या नळांतून घरात जाते. तिथे ते गाडीच्या रेडिएटरसारख्या जाळीतून वाहते. पंखा त्या जाळीतून हवा ढकलतो आणि खोल्या उबदार होतात. काही घरांत हेच पाणी फरशीखालच्या नळ्यांतून खेळवतात. उष्णता देऊन झालेले पाणी पुन्हा भट्टीकडे परतते. आग, राख, लाकडाबरोबर येणारे किडे आणि धुराडे पेटण्याची धास्ती हे सगळे घराबाहेर राहते.

धूर मात्र शेजाऱ्याकडे जातो. जुन्या भट्ट्यांची खोट इथेच होती. पाणी पुरेसे तापले की हवेची झडप बंद व्हायची आणि आत भरलेले ओंडके तासन्‌तास धुमसत राहायचे. अर्धवट जळलेल्या लाकडाचा दाट धूर बुटक्या धुराड्यातून बाहेर पडून जमिनीलगत पसरायचा. आतल्या भिंतींवर क्रिओसोटचा डांबरासारखा थर चढायचा. तक्रारी वाढल्या. शेजाऱ्याच्या घरापासून २०० फुटांच्या आत नवी भट्टी बसवायला व्हरमाँट राज्याने १९९७ मध्येच मनाई केली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१५ मध्ये देशभरासाठी नियम केले. मे २०२० पासून त्यांतला कडक टप्पा लागू झाला: घराला मिळणाऱ्या दर दहा लाख बीटीयू उष्णतेमागे सूक्ष्म कण ०.१० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ४५ ग्रॅमपेक्षा, जास्त नकोत.

या कसोटीला उतरणाऱ्या बऱ्याच भट्ट्यांत दोन कप्पे असतात. वरच्या कप्प्यात लाकूड तापून त्यातून ज्वलनशील वायू सुटतो. तो खालच्या, उष्णतारोधक विटांच्या कप्प्यात ओढला जातो आणि ताज्या हवेबरोबर प्रखर आचेने जळून जातो. पूर्वी जो धूर गावभर फिरायचा, तोच इथे इंधन होतो. म्हणून जुनी भट्टी स्वस्तात मिळते आहे या मोहाला बळी पडू नये.

निवडताना ‘मोठी घेतलेली बरी’ हा विचार अंगाशी येतो. गरजेपेक्षा मोठी भट्टी बहुतेक वेळ झडप मिटून बसते आणि धुमसते. आधी घराच्या भिंती, छत आणि खिडक्यांतून किती उष्णता निसटते ते मोजून घ्यावे, फटी बुजवाव्यात, आणि मग त्या आकड्याला साजेशी भट्टी निवडावी. दुसरी काटकसर नळात करू नये. स्वस्त नळाचे आवरण पातळ असते किंवा त्यात पाणी शिरते. मग सगळीकडे बर्फ साचलेला असताना भट्टीपासून घरापर्यंतचा एक सरळ पट्टा वितळलेला दिसतो. मालकाच्या लाकडाची ऊब तिथे माती तापवत असते.

तरीही यंत्रापेक्षा मोठा प्रश्न सरपणाचा आहे. सुक्याबरोबर ओलेही जळते खरे, पण ते आधी सुक्याची उष्णता खाते. लाकडातल्या एक लिटर पाण्याची वाफ करायला जवळपास पाऊण युनिट विजेइतकी उष्णता लागते आणि ती धुराड्यातून निघून जाते. नुकत्याच तोडलेल्या लाकडाचे निम्मे वजन पाण्याचेच असू शकते. भट्टीला ते २० टक्क्यांच्या आसपास हवे. ते तपासण्याचे साधन खिशात मावते. ओंडका नव्याने फोडायचा आणि आतल्या ताज्या बाजूवर त्या साधनाच्या दोन सुया टोचायच्या. बाहेरची साल कोरडी लागते, आतला आकडा खरे सांगतो. ओकचे लाकूड फोडून, रचून, वरून झाकून आणि बाजूंनी वारा लागू देऊन ठेवले, तरी वाळायला दोन वर्षे घेते.

रोजचे काम थोडे, पण नेमाचे असते. बहुधा सकाळ-संध्याकाळ लाकूड भरावे लागते. दार एकदम उघडायचे नाही: आधी पंखा बंद करून धुराची वाट मोकळी करायची, दार किंचित ढिले करून थांबायचे, मगच पूर्ण उघडायचे. घाई केली तर आत कोंडलेला वायू भडकून ज्वाळा तोंडावर येते. राख झाकणाच्या लोखंडी बादलीतच काढायची, कारण तिच्यातले निखारे कित्येक दिवस जिवंत राहतात. परतीचे पाणी ६० अंशांखाली गेले तर पोलादावर आम्लयुक्त दव धरून गंज चढतो. पाण्यात गंजरोधक औषध घालून वर्षातून एकदा नमुना तपासून घ्यावा. वीज गेली की पंप थांबतो, म्हणून जनित्राची सोयही हवी.

ज्याचे स्वतःचे जंगल आहे, शेजार लांब आहे आणि कडाक्याच्या थंडीतही ओंडके उचलायची तयारी आहे, त्याला ही भट्टी वर्षानुवर्षे इमानाने साथ देईल. घरे दाटीने असतील तिथे तिचा नाद सोडावा. आपल्या उबेसाठी दुसऱ्याच्या मुलांच्या छातीत धूर भरण्याचा हक्क कुणालाच नाही. आणि घ्यायचीच ठरली, तर विक्रेत्याचे दार ठोठावण्याआधी दोन हिवाळ्यांचे सरपण मावेल असे छप्पर उभारावे. ते भरता आले, तरच भट्टीवर पैसे घालावेत.