पानाचा चहा : उकळायचा नाही, मुरवायचा

दार्जिलिंगहून परतलेल्या प्रवाशाच्या बॅगेत चहाचं एक पाकीट हमखास असतं. घरी आल्यावर ते पातेल्यात पडतं, दूध-साखर-आलं घालून दोन-तीन उकळ्या काढल्या जातात आणि निकाल लागतो, ‘रंगच येत नाही, पाणचट आहे.’ उरलेलं पाकीट फडताळात मागे सरकतं. देशातला सर्वांत नाजूक चहा असा वाया जातो, याचं वाईट वाटतं. कारण दोष पानाचा नसतो, रीतीचा असतो. उकळणं ही दाणेदार चहाची रीत, तर पानाचा चहा मुरवायचा असतो. हा फरक कारखान्यातच पडतो.

पान आणि दाणा

चहाचं झुडूप एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. त्याचे मुख्य प्रकार दोन : बारीक पानाचा, थंडी सोसणारा चिनी आणि रुंद पानाचा आसामी. डॉ. आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांनी १८४१मध्ये दार्जिलिंगला चहाचं बी लावून पाहिलं आणि १८५०च्या दशकात तिथे मळे उभे राहिले. त्या उतारांवर चिनी प्रकार चांगला रुजला.

तिथे आजही दोन पानं आणि एक कळी हाताने खुडतात. खुडणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. साधारण साडेचार किलो ओल्या पाल्यातून एक किलो चहा तयार होतो. पाला जाळीच्या लांबलचक ओट्यांवर पसरून, खालून वारा देत रात्रभर कोमेजवतात, मग यंत्रात वळतात. वळताना पानातल्या पेशी फुटतात, रस हवेच्या संपर्कात येतो, हिरवं पान तांबूस होऊ लागतं आणि सुगंध तयार होतो. नेमक्या वेळी गरम हवा देऊन ही क्रिया थांबवतात. ही ऑर्थोडॉक्स पद्धत. यात पानाला पीळ बसतो, पण त्याचं पानपण टिकतं.

दुसरी पद्धत १९३०च्या सुमारास आसामातल्या अमगुरी मळ्यात विल्यम मॅककर्चर यांनी आणली : सीटीसी, म्हणजे क्रश, टेअर, कर्ल. दातेरी रुळांमधून पाला चिरडून, फाडून त्याचे दाणे करतात. या दाण्यातून अर्क झटपट उतरतो, गडद आणि कडक. दुधातलं केसीन हे प्रथिन चहातल्या तुरट द्रव्यांना बांधून ठेवतं, त्यामुळे कडक चहा दुधात गोलाई घेतो. अमृततुल्याच्या पातेल्यात रटरटणारा चहा या दाण्याच्या जोरावर उभा आहे आणि तिथे उकळणं अगदी योग्यच आहे.

पानाचं गणित वेगळं. दार्जिलिंगच्या पानाचं धन म्हणजे त्याचा सुगंध आणि सुगंधी द्रव्यं उडून जाणारी असतात. उघड्या पातेल्यात उकळलं की ती वाफेबरोबर निघून जातात आणि मागे तुरटपणा राहतो. वरून दूध घातलं तर उरलासुरला नाजूकपणाही झाकला जातो.

पाणी आणि उष्णता

आठव्या शतकात चिनी चहातज्ज्ञ लू यू याने चहाच्या पाण्याची प्रतवारी लावली होती : डोंगरातल्या झऱ्याचं उत्तम, नदीचं मध्यम, विहिरीचं शेवटचं. आजच्या रसायनशास्त्रालाही त्यात तथ्य दिसतं. बोअरच्या जड पाण्यात केलेला कोरा चहा गढूळ होतो आणि त्यावर तवंग धरतो; पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट चहातल्या द्रव्यांशी मिळून तो तयार होतो. उलट क्षार पार काढून टाकलेल्या पाण्यात चहा सपक लागतो. बेताचे क्षार असलेलं पिण्याचं पाणी सर्वांत बरं.

उष्णतेत तर भूगोलच उतरतो. दार्जिलिंग शहर सुमारे २,००० मीटर उंचीवर आहे आणि तिथे पाण्याला ९३ अंश सेल्सिअसच्या आसपासच आधण येतं. मुंबईत ते १०० अंशांवर येतं. दार्जिलिंगचा माणूस आधणाचं पाणी थेट पानांवर ओततो. मुंबईकराने गॅस बंद करून एक-दोन मिनिटं थांबायला हवं.

एक कप, पायरीपायरीने

एका कपाला, म्हणजे साधारण १५० ते २०० मिलिलिटर पाण्याला, दोन ते अडीच ग्रॅम पान घ्यावं. लांब पानाचा चहा फुललेला असतो, त्यामुळे चमच्यात तो वजनाला कमी भरतो. लहान काटा असेल तर एकदा तोलून पाहावं, मग हाताला अंदाज येतो.

चिनी मातीची किंवा काचेची किटली गरम पाण्याने विसळून घ्यावी. पानं घालून वरून पाणी ओतावं, लगेच झाकण ठेवावं. काचेची किटली असेल तर पुढचं दिसतं : पीळ सुटत जातो, पानं फुगून खाली बसतात आणि पाण्यात पिवळसर-केशरी रेघा उतरतात. पानाला उलगडायला जागा लागते, म्हणून जाळीची छोटी डबी टाळावी. ती ठासून भरली की आतली पानं कोरडीच राहतात.

आता वेळ. मार्च-एप्रिलमधल्या पहिल्या बहराचं पान हिरवट आणि हलकं असतं. त्याला ८५ ते ९० अंशांचं पाणी आणि अडीच-तीन मिनिटं पुरतात. मे-जूनच्या दुसऱ्या बहराला ९० ते ९५ अंश आणि तीन-चार मिनिटं द्यावीत. त्याला पिकल्या द्राक्षांची आठवण करून देणारा ‘मस्कटेल’ स्वाद असतो. हिरवे तुडतुडे पानांचा रस शोषतात, झाडात त्याविरुद्ध द्रव्यं तयार होतात आणि या स्वादात त्यांचा वाटा असतो. आसामचं ऑर्थोडॉक्स पान मात्र आधणाचं पाणी आणि चार-पाच मिनिटं सहज सोसतं, थोडं दूधही.

वेळ झाली की सगळा चहा गाळून घ्यावा. किटलीत राहिलेला चहा मुरतच राहतो आणि दुसरा कप कडवट होतो. चव फिकी वाटली तर वेळ वाढवण्याऐवजी पान वाढवावं. पहिला घोट साखरेविना घ्यावा. त्याच पानांवर पुन्हा पाणी ओतून एक मिनिट जास्त ठेवलं, तर दुसरा कपही छान होतो.

चहा चाखणाऱ्यांसाठी १९८०पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे : १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला दोन ग्रॅम चहा, सहा मिनिटं. ते चहाची तुलना करण्यासाठी आहे. गुणांसोबत दोषही उघडे पाडणारी ती कडक परीक्षा आहे. घरी ती लावू नये.

घेताना, ठेवताना

चहा वास पटकन ओढून घेतो. मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवलेल्या पानाला आठवड्याभरात गरम मसाल्याचा वास लागतो. घट्ट झाकणाच्या, उजेड न शिरणाऱ्या डब्यात, गॅसपासून दूर ठेवावा. पहिल्या बहराचा चहा वर्षाच्या आत संपवावा.

घेताना पाकिटावर मळ्याचं नाव, बहर आणि वर्ष पाहावं. ‘दार्जिलिंग चहा’ हे देशातलं पहिलं भौगोलिक मानांकन. ते २००४मध्ये मिळालं. हाती पान आणि कळी धरलेल्या स्त्रीचं बोधचिन्ह ही त्याची खूण. ती पाहणं महत्त्वाचं, कारण या नावाने बाहेरचा चहाही विकला जातो आणि खऱ्या मळ्यांचे दिवस बरे नाहीत. एके काळी वर्षाला एक कोटी किलोच्या पुढे असलेलं उत्पादन अलीकडे साठ लाख किलोंच्या आसपास घसरलं आहे. झुडपं म्हातारी झाली आहेत, पावसाचा नेम राहिलेला नाही आणि २०१७मध्ये तीन महिन्यांहून अधिक चाललेल्या बंदमुळे दुसऱ्या बहराचा बराचसा भाग झुडपांवरच सोडावा लागला.

या चहाचा मोठा भाग परदेशी जातो. तिथे तो जाणून पितात म्हणून त्याला भाव मिळतो. आपल्याकडेही तसे पिणारे वाढले, तर हे मळे केवळ परदेशी गिऱ्हाइकाच्या भरवशावर राहणार नाहीत. सकाळचा आल्याचा चहा खुशाल पातेल्यात उकळावा. पण दुपारी एखाद्या दिवशी शंभर ग्रॅमचं खात्रीचं पाकीट उघडून पान नीट मुरवून पाहावं. तीन मिनिटांचं ते काम आहे आणि त्यानंतर कुणी दार्जिलिंगला पाणचट म्हणणार नाही.