अडीचशे घोडे आणि पुढची दोन चाकं

जुन्या गाडीची ताकद वाढवायची म्हटलं की पहिली नजर जाते ती बॉनेटखाली. टर्बो केवढा टाकायचा, सायलेन्सर किती रुंद हवा, कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम कोणाकडून बदलून घ्यायचा. स्वीडनच्या जुन्या साब गाड्यांच्या बाबतीत हा सोपा भाग आहे. साबचं टर्बो इंजिन मागाल तेवढं देतं आणि पंचाईत तिथेच सुरू होते. त्याने दिलेलं सगळं पुढच्याच दोन चाकांनी रस्त्यावर उतरवायचं, शिवाय गाडी वळवायचीही त्यांनीच.

साबने १९७७च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ९९ टर्बो मांडली, तेव्हा टर्बो ही काही नवी चीज नव्हती. बीएमडब्ल्यू आणि पोर्शने ती आधीच रस्त्यावर आणली होती. पण त्या गाड्यांचा टर्बो इंजिन बरंच जोरात फिरू लागल्यावर एकदम अंगात यायचा. साबचे इंजिनिअर पेर गिलब्रांड यांनी उलटा विचार केला. टर्बो छोटा घ्यायचा, म्हणजे तो कमी आरपीएमवरच हवा कोंबू लागेल. आणि दाब मर्यादेबाहेर जाऊ लागला की जादा धूर टर्बोला वळसा घालून बाहेर सोडणारी झडप बसवायची. ही झडप म्हणजे वेस्टगेट. विनाटर्बो इंजेक्शनवाल्या ९९चे ११८ हॉर्सपॉवर त्याच दोन लिटरच्या इंजिनात १४५ झाले. आज हा आकडा किरकोळ वाटेल. पण खरी करामत टॉर्कची होती. चौथ्या गिअरमध्येच पाय दाबून पुढचा ट्रक मागे टाकता येऊ लागला. १९७९ची स्वीडिश रॅली स्टिग ब्लोमक्विस्टने याच ९९ टर्बोवर जिंकली. जागतिक रॅली स्पर्धेतला टर्बो गाडीचा तो पहिला विजय. गिलब्रांडना स्वीडनमध्ये लोक 'टर्बो-पेले' म्हणू लागले ते उगीच नाही.

आता गोम अशी की, गिअरबॉक्सचे दात मोडतो तो टॉर्क, हॉर्सपॉवर नव्हे. हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क गुणिले इंजिनाचा वेग. आठ हजार आरपीएमवर चढून दोनशे हॉर्सपॉवर काढणारं इंजिन गिअरबॉक्सला तितकं जाचत नाही, जितकं अडीच हजारावरच जोर दाखवणारं जाचतं. म्हणजे ज्या गुणासाठी साबचा टर्बो नावाजला, तोच गुण वाढवायला गेलं की गाडीच्या सगळ्यात नाजूक जागेवर घाव बसतो.

९९ आणि तिच्यानंतरची ९०० या गाड्यांत ही जागा फारच नाजूक आहे. इंजिन ४५ अंशांत कललेलं आणि चक्क उलटं बसवलेलं: क्लच पुढे रेडिएटरच्या अंगाला, गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटाखाली. ताकद क्लचमधून निघते, साखळ्यांवरून खाली उतरते आणि मग गिअरबॉक्समध्ये शिरते. क्लचप्लेट बदलायला इंजिन उतरवावं लागत नाही, हे मेकॅनिकचं सुख. पण पिनियनचं बेअरिंग खराब झालं तर इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच बाहेर काढावे लागतात, आणि ९००मध्ये नेमकं तेच बेअरिंग आधी आवाज करू लागतं. सोळा व्हॉल्व्हच्या ९०० टर्बोला कंपनीने १७५ हॉर्सपॉवर दिले, खास कार्लसन मॉडेलला १८५. त्यापुढे कंपनी गेली नाही. इंजिन सहज गेलं असतं.

याच ९००वर १९८२च्या मॉडेलपासून एपीसी नावाची यंत्रणा आली. हलकं पेट्रोल किंवा जास्त दाब मिळाला की सिलिंडरमधलं मिश्रण अवेळी भडकतं, इंजिन खडखडतं. यालाच नॉकिंग म्हणतात, आणि पिस्टन वितळवायला ते पुरेसं असतं. एपीसीत इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेला सेन्सर हा खडखडाट ऐकतो आणि वेस्टगेटकरवी दाब उतरवतो. खडखड नसेल तर दाब चढू देतो. म्हणजे इंजिन कायम पेट्रोल सोसेल तितक्याच काठावर चालतं. त्यामुळे कॉम्प्रेशनही ७.२वरून ८.५वर नेता आलं. एपीसीच्या डब्यात एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की दाब वाढतो. फुकटात वीस-तीस हॉर्सपॉवर! पण एपीसी फक्त हवा सांभाळते, पेट्रोल नाही. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं की मिश्रण पातळ होतं आणि इंजिन आतून भाजून निघतं. तो स्क्रू फिरवणाऱ्यांतले किती जण हे लक्षात घेतात, कोण जाणे.

ज्याला खरोखर ताकद हवी त्याने ९००च्या देखणेपणावर न भाळता ९००० शोधावी, असं माझं मत. १९८४मध्ये आलेल्या या गाडीत इंजिन आडवं आणि गिअरबॉक्स त्याच्या शेजारी, त्यामुळे दातांना अंग धरायला जागा मिळाली. १९८६मध्ये अमेरिकेतल्या टॅलाडेगाच्या ट्रॅकवर तीन ९००० टर्बो वीस दिवस पळत राहिल्या. प्रत्येकीने एक लाख किलोमीटर कापले आणि सर्वांत वेगवान गाडीची सरासरी निघाली ताशी २१३ किलोमीटर. १९९३मध्ये ९००० एरो आली: २.३ लिटर, २२५ हॉर्सपॉवर, ३४२ न्यूटन-मीटर. तिच्यातला ट्रायॉनिक कॉम्प्युटर पेट्रोल, ठिणगी आणि टर्बोचा दाब हे तिन्ही एका हाती चालवतो. ठिणगी पडून गेल्यावर त्याच स्पार्क प्लगवर सुमारे ८० व्होल्टचा दाब ठेवून जळत्या वायूतून किती वीज वाहते ते तो मोजतो. नॉकिंगची चाहूल त्याला अशी ज्या-त्या सिलिंडरमधूनच लागते. (प्लगवर बसणारी इग्निशनची लांबट पेटी तेवढी सांभाळायची. ती दगा देते म्हणून जाणते लोक डिकीत एक जादा ठेवतात.)

ट्रायॉनिकचा प्रोग्रॅम आज हौशी माणसाला लॅपटॉपवर उघडता येतो. प्रोग्रॅम आणि तीन इंची सायलेन्सर एवढ्यावर एरो अडीचशेच्या पुढे जाते. तीनशे ओलांडायचे तर मोठे इंजेक्टर, मोठा टर्बो, मोठा इंटरकूलर आणि मुख्य म्हणजे दणकट क्लच. अनेक स्वीडिश हौशी गाडीत ई-८५ भरतात, म्हणजे बहुतांश इथेनॉल. ते नॉकिंगला दाद देत नाही आणि सिलिंडर गारही ठेवतं. साबनेच २००५मध्ये ९-५ बायोपॉवर काढली. पेट्रोलवर १५० हॉर्सपॉवर, ई-८५वर १८०. मात्र तेवढ्याच हवेला शुद्ध इथेनॉल वजनाने पेट्रोलच्या दीडपटीहून जास्त लागतं, म्हणून इंजेक्टर आणि पंप बदलल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. ऊसपट्ट्यातल्या वाचकांना इथेनॉलचं कौतुक वेगळं सांगायला नको. ही बाजूही ठाऊक असलेली बरी.

आता चाकांचा हिशेब. साडेतेराशे किलोची गाडी, पैकी साठ टक्के म्हणजे ८१० किलो पुढच्या चाकांवर. पिकअप घेताना गाडीचं नाक उचलतं आणि वजन मागे सरकतं. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर पूर्ण जोर लावला की साधारण सव्वाशे किलो मागे जातात. उरलेल्या वजनावर पुढचे टायर दोन्ही मिळून जेमतेम १९०० न्यूटन-मीटर रस्त्याला देऊ शकतात. एरोच्या इंजिनाचा ३४२चा टॉर्क पहिल्या गिअरमधून चाकांपर्यंत बारा-तेरा पट होऊन पोचतो, म्हणजे चार हजारांच्या वर! कंपनीतून निघालेली गाडीच पहिल्या गिअरमध्ये टायर जाळू शकते. ट्रायॉनिकमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या गिअरसाठी दाबाची वेगळी मर्यादा ठेवलेली आहे ती त्यामुळेच. प्रोग्रॅम बदलणारा नवखा माणूस ही मर्यादा सगळ्यात आधी काढून टाकतो.

दुसरा त्रास स्टिअरिंग ओढण्याचा. दोन्ही एक्सलची लांबी सारखी नसली की जोर लावताच गाडी एका बाजूला खेचते. साबने मधे जादा शाफ्ट घालून लांबी सारखी केली होती. तरी १९९९ची ९-३ विगेन या ओढीसाठी बदनाम झाली. तिचा स्टिअरिंग रॅक इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीवर बसवलेला होता. २२५ हॉर्सपॉवरच्या धक्क्याने तिथला पत्रा लवायचा आणि ड्रायव्हरने न सांगता चाकं वळायची. रॅकला एक मजबूत क्लॅम्प आणि आडवी पट्टी मारली की गाडी पुष्कळ सुधारते. झिजलेले बुश बदलले की आणखी. त्यानंतर ब्रिटनच्या क्वेफसारख्या कंपनीचा मर्यादित घसरणीचा डिफरन्शियल घालावा. त्यामुळे एक चाक घसरू लागलं तरी दुसऱ्याला जोर मिळत राहतो. हॉर्सपॉवर एकानेही वाढत नाही, पण गाडी वेगवान होते. इतकं करून ब्रेक जुनेच ठेवणाऱ्याला मात्र काय म्हणावं?

हे वाचून कुणाचा हात आपल्या जुन्या गाडीच्या बॉनेटकडे गेला असेल तर एक आठवण. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं आहे. ट्रॅकवरची गाडी वेगळी.

साब ऑटोमोबाइल डिसेंबर २०११मध्ये दिवाळखोरीत गेली. नवा गिअरबॉक्स आता दुकानात ऑर्डर देऊन मिळत नाही. भंगारात निघालेल्या गाड्यांचे काढून, उघडून, बेअरिंग बदलून वापरावे लागतात. म्हणून मुरलेले ट्यूनर हल्ली तीन हजार आरपीएमच्या खाली दाब मुद्दाम दाबून ठेवतात आणि वर हळूहळू सोडतात. कागदावर हॉर्सपॉवर तेवढेच दिसतात, टॉर्कचा पहिला धक्का मात्र दातांवर बसत नाही. गिलब्रांडनी जे खाली आणलं होतं, ते ही मंडळी पुन्हा थोडं वर ढकलत आहेत.