५४ देश, कायमची जागा शून्य
संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्यांपैकी ५४ देश आफ्रिकेतले. सुरक्षा परिषदेत मात्र त्यांना तीनच जागा, त्याही दोन-दोन वर्षांच्या. कायमची एकही नाही! १९४५ साली संघटना स्थापन झाली तेव्हा या खंडातून इजिप्त, इथिओपिया, लायबेरिया आणि दक्षिण आफ्रिका एवढेच सदस्य होते. बाकी बहुतेक प्रदेश पारतंत्र्यात. कायम जागांची वाटणी तेव्हाचीच.

२००५ मध्ये आफ्रिकी संघाने आपली मागणी ठरवली, ती ‘इझुल्विनी सहमती’: नकाराधिकारासह दोन कायम जागा आणि पाच अस्थायी. २०२४ मध्ये अमेरिकेने दोन कायम जागांना पाठिंबा दिला, पण नकाराधिकार वगळून. (पंगतीत पान मांडलं, वाढप मात्र जुन्या पाच कायम सदस्यांकडेच.)

जी-२० मध्ये गाडी पुढे सरकली: सप्टेंबर २०२३ मध्ये नवी दिल्लीत आफ्रिकी संघ कायम सदस्य झाला.