ग्रीनलँडचं नाव, मुंबईचा चिखल

ऐका रे पोरांनो. पावसाळ्यात बांधाला कुदळ मारली की गांडूळ निघतं, ते तुमच्या ओळखीचं. पण त्याचे भाऊबंद समुद्राच्या तळाशी गाळात राहतात, हे समुद्रापासून लांब, आपल्या दुधनीत बसून कळावं कसं? किनाऱ्यावर उभं राहिलं तरी ते दिसत नाहीत.

त्यांतल्याच एकाची ही गोष्ट. जाडी जेमतेम मिलिमीटरभर. अंगातल्या द्रवात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन, म्हणून रंग लाल. ओटो फॅब्रिशियस नावाचे डॅनिश धर्मोपदेशक ग्रीनलँडात पाच-सहा वर्षं राहिले होते. धर्म सांगता सांगता तिथले प्राणीही टिपून ठेवले. १७८० मध्ये त्यांचं पुस्तक आलं, त्यात हा लाल किडा होता. त्यांनी त्याला सरळ गांडुळाच्याच कुळात घातलं! पुढे दुसऱ्यांनी त्याला वेगळं घर दिलं आणि नाव पडलं ‘कॅपिटेला कॅपिटाटा’.

या किड्याला घाण मानवते. सांडपाण्याने, तेलाने तळ नासला, बाकीचे प्राणी मेले, की याची चंगळ. म्हणून ‘हा सापडला म्हणजे पाणी बिघडलं’ असं शास्त्रज्ञ म्हणू लागले. जगभरच्या बंदरांतून तेच नाव येऊ लागलं, मुंबईच्या खाड्यांच्या याद्यांतही.

“आजोबा, चिखलातून त्याला काढतात कसं?”

होडीतून लोखंडी जबडा तळाला सोडतात. तो चिखलाचा घास घेऊन वर येतो. मग अडत्याकडे तूर चाळतात तसा तो चाळायचा, फक्त इथं वरून पाणी सोडतात आणि चाळणीची भोकं अर्ध्या मिलिमीटरची. त्याहून बारीक जीव हवे असतील तर चाळणीही बारीक लागते. वर उरेल ते फॉर्मालिनमध्ये ठेवून त्यात रोझ बेंगॉल नावाचा रंग टाकतात. किडे गुलाबी होतात, चिखल तसाच राहतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वलय मोजत बसायचं. पुढच्या वलयांवर सरळ केस, मागच्यांवर आकडे. नराच्या आठव्या-नवव्या वलयावर पाठीशी वाकडे काटे. ओळख पटते ती असल्या बारकाव्यांवरून. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ पासूनची. तिथं माणसं असल्या कामात दिवसच्या दिवस घालवतात. मला विचाराल तर हे काम हत्ती मोजण्यापेक्षा अवघड.

आता गंमत ऐका. १९६९ मध्ये अमेरिकेत वेस्ट फालमथला एक तेलाचं जहाज रुतलं, तेल सांडलं. तळावर हाच किडा माजला. ज्युडिथ आणि फ्रेडरिक ग्रासल या नवराबायकोंनी किडे पाळले, त्यांची अंडी पाहिली, शरीरातली प्रथिनं तपासली. दिसायला सगळे सारखे. पण कुणाची पिल्लं पाण्यात पोहत लांब जातात, कुणाची आईच्या नळीतून निघून तिथंच चिखलात शिरतात. १९७६ मध्ये त्यांनी जाहीर केलं, हा एक नाही, निदान सहा जाती आहेत!

मग ‘कॅपिटाटा’ नाव नेमकं कुणाचं? प्राण्याचं नाव एका ठरावीक नमुन्याला बांधलेलं असतं, आणि फॅब्रिशियसचा नमुना तर उरलाच नव्हता. शेवटी २००९ मध्ये जेम्स ब्लेक यांनी ग्रीनलँडचेच किडे घेऊन वर्णन नव्यानं लिहिलं आणि नवा नमुना नेमला. नाव त्या गारठ्यातल्या किड्याकडे राहिलं. त्या सहांतल्या एकाचं नाव त्याच वर्षी ‘कॅपिटेला टेलेटा’ ठेवलं.

“म्हणजे मुंबईचा किडा तो नव्हेच?”

उबदार पाण्यातला आपला किडा त्या बर्फातलाच, हे मला पटत नाही. काटे नीट पाहावे लागतील, जनुकं ताडावी लागतील. वेगळा निघाला, तर वर्णन छापायचं, नमुना संग्रहालयात ठेवायचा, मग नाव.

“मी शोधला तर माझं नाव देईन!”

स्वतःचं नाव स्वतः देत नाहीत बाळा, तसा संकेत आहे. आजोबाचं चालतं.